ट्रेनिंग अ‍ॅप, नऊ महिने आणि एक ‘पुढे’चं बटण

काल पाचव्यांदा तोच मेल आला. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. समाधानी असाल तर पाच तारे द्या." ट्रेनिंग अ‍ॅपमधल्या एका बटणाबद्दलची माझी तक्रार सुटलेली नाही. त्यामुळं तारे तिकडं न देता इथं लिहायला बसलोय.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाही. कंपन्यांना विकतात त्या ट्रेनिंग अ‍ॅपपैकीच एक: व्हिडिओ, खाली क्विझ, शेवटी सर्टिफिकेट आणि साहेब लोकांना रंगीत डॅशबोर्ड. बाकीची फीचर माहितीपत्रकात आहेत, ती इथं उतरवत बसत नाही. आमचं काम वाळूज एमआयडीसीत, सीएनसी टर्निंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर गाड्यांचे बारके पार्ट कापायचं. मी मूळचा क्वालिटीचा माणूस. ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडलं ते आधीच्या साहेबांनी पुण्याची नोकरी धरली म्हणून. ६५ लायसन्स, माणशी वर्षाला ५४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ४१,४१८. आकडा पाठ आहे, कारण त्याच महिन्यात मी मागितलेले तीन डिजिटल मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायची साधनं) "पुढच्या तिमाहीत बघू" म्हणून परत आले होते.

आता बटण.

व्हिडिओ पूर्ण संपेपर्यंत ‘पुढे’ हे बटण उघडत नाही. राखाडी राहतं. व्हिडिओ पळवता येत नाही, वेग वाढवता येत नाही, मध्येच फोन आला तर पहिल्यापासून सुरू. मायक्रोमीटर कसा धरायचा याचा व्हिडिओ ११ मिनिटांचा आहे. आमच्याकडं एक मामा आहेत, बावीस वर्षं लेथवर. आधी हातानं चालवायची लेथ, मग सीएनसी. मशिनकडं पाठ करून डबा खात असले तरी कापण्याच्या आवाजावरून इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेल्याचं सांगतात. पहिल्या दिवशी मामांनी तीन मिनिटं तो व्हिडिओ बघितला, बटण दाबलं, परत दाबलं, अंगठा शर्टाला पुसून तिसऱ्यांदा दाबलं. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "साहेब, ह्याला सांगा की, मला येतंय म्हणावं."

मी त्याला कसं सांगणार?

शॉपवर मोबाईल न्यायला बंदी, म्हणून ट्रेनिंग कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. महिनाभरानं मी दुपारी तिथं गेलो तर लांब टेबलावर चौदा मोबाईल पालथे ठेवलेले, चौदाही एकाच वेळी बडबडतायत. कुणाचा कूलंटचा व्हिडिओ चाललाय, कुणाचा फायर एक्स्टिंग्विशरचा. माणसं पलीकडं कडेला पत्ते खेळत बसलेली. डॅशबोर्ड उघडला तर त्या आठवड्याचं ‘कम्प्लिशन’ १०० टक्के. ऑडिटला तोच कागद दाखवला, ऑडिटर खूष. आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या पार्टवाल्यांचं क्वालिटी स्टँडर्ड) वाल्यांना माहिती असेल, त्याच्या ७.२ कलमात नुसत्या ट्रेनिंगबद्दल नाही, काम येतं का याबद्दल विचारलंय. पण हिरवा रंग दिसला की पुढचं कोण विचारतो?

तेव्हा चिडून थोडं वाचन केलं. प्रौढ माणूस कसा शिकतो यावर माल्कम नोल्स या अमेरिकन माणसानं ‘अँड्रॅगॉजी’ हा शब्द रूढ केला. शब्द त्याचा नव्हे, १८३३ मध्ये अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकानं तो वापरला होता. नोल्सचं म्हणणं आपल्या कोणत्याही फोरमनला पटेल असं आहे: मोठा माणूस शिकायला येतो तो रिकाम्या डोक्यानं येत नाही, आपला अनुभव घेऊन येतो, हे कशासाठी शिकायचं हे त्याला आधी कळावं लागतं, आज उद्या अडणारं काम सुटत असेल तर तो मन लावतो, आणि आपलं आपण ठरवायची त्याला सवय असते. हे वाचलं आणि मला ते राखाडी बटणच दिसायला लागलं. एका बटणात चारही गोष्टींवर बोळा. बावीस वर्षांच्या अनुभवाला अ‍ॅपच्या लेखी शून्य मिनिटांची किंमत.

डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, शिकले का, कामात फरक पडला का, कंपनीला फायदा झाला का. आमचा डॅशबोर्ड पहिल्या पायरीच्याही खाली, अंगणात उभा आहे. व्हिडिओ वाजला का, एवढंच तो मोजतो.

तर तक्रार टाकली. पहिलं उत्तर: अ‍ॅप अपडेट करा. दुसरं: कॅश क्लिअर करा. तिसऱ्यांदा एका मुलीचा फोन आला, बोलायला फार गोड. म्हणाली, "सर, ते कम्प्लायन्ससाठी आहे, सगळ्या क्लायंटना आवडतं." मी म्हटलं, ताई, क्लायंटला आवडत असेल, वापरणाऱ्याला विचारलंय का? चौथ्यांदा तक्रार न विचारता बंद. पाचव्यांदा काल.

अ‍ॅपमधल्या मराठी भाषांतराबद्दल एक परिच्छेद लिहिणार होतो, पण नको. चकच्या (पार्ट धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) ‘जॉ’ला ‘जबडा’ आणि टूलच्या नोज रेडियसला, म्हणजे टोकाच्या गोलाईला, ‘साधनाच्या नाकाची त्रिज्या’ म्हटलंय एवढं सांगतो. पोरं आठवडाभर एकमेकांच्या नाकाची त्रिज्या विचारत होती.

ऑक्टोबरपर्यंत माझं मत पक्कं होतं: पैसे पाण्यात. मग एक गोष्ट झाली आणि ती लिहिली नाही तर खोटेपणा होईल.

अ‍ॅपमध्ये ‘रोजचे तीन प्रश्न’ असा एक कोपरा आहे. विकणाऱ्यानंसुद्धा डेमोत दाखवला नव्हता. सकाळी शिफ्टच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन प्रश्न येतात, चुकलेला प्रश्न काही दिवसांनी फिरून येतो. प्रश्न आपले आपण टाकता येतात. मी मामांना बसवून आमच्याच रिजेक्शनमधले, म्हणजे बाद झालेल्या पार्टवरचे, चाळीस प्रश्न लिहून घेतले. मोबाईल शॉपच्या गेटवर जमा करायच्या आधीच पोरं उत्तरं टाकतात, दीड मिनिटाचं काम.

याच्यामागंही जुना अभ्यास आहे. हर्मान एबिंगहाऊसनं १८८५ मध्ये निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं होतं. विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगानं होतं. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी दाखवलं की मजकूर परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढं असतात, पण आठवड्यानं घेतली की मध्ये स्वतःला आठवायला लावलेले त्यांच्या पुढं जातात. म्हणजे अकरा मिनिटं बघण्यापेक्षा दीड मिनिट आठवणं बरं. ज्याच्यासाठी अ‍ॅप घेतलं ते व्हिडिओ फुकट गेले, आणि फुकटात आलेला कोपरा कामाचा निघाला.

डिसेंबरात रात्रपाळीला गंगापूरकडचा एक अ‍ॅप्रेंटिस, आयटीआय होऊन पाच महिने झालेला, मशिनवर होता. पार्टचा व्यास २५ हवा, आला २५.०४. ऑफसेटमध्ये (टूल किती सरकवायचं ते मशिनला सांगणारा आकडा) उणे ०.०४ टाकायचे. शेजारच्या ऑपरेटरनं घाईत उणे ०.४ दाबलं, एक शून्य गाळून. मशिन चालू करायच्या ‘सायकल स्टार्ट’ बटणावरचा त्याचा हात पोरानं धरला. "दादा, थांबा, हा सकाळचा प्रश्न हाय." दुसऱ्या दिवशी मला ते सांगताना तो प्रश्नाचा नंबरपण सांगत होता. एक पार्ट वाचला म्हणा, इन्सर्ट वाचला म्हणा. पण नवीन पोरगा जुन्या ऑपरेटरला थांबवतो, हे मी आमच्या शॉपवर पहिल्यांदा ऐकलं.

मग बटणाबद्दलही जरा नमतं घ्यावं लागलं. ह्याच पोरांना पहिल्या आठवड्यात मी सेफ्टीचा व्हिडिओ एका जुन्या फोनवर दाखवला होता, तिथं पळवायची सोय होती, तर सगळ्यांनी थेट शेवट गाठला. चक फिरत असताना हात का घालायचा नाही, हे ज्याला अजून माहितीच नाही त्याला बटण बंद असलेलं बरं. नोल्सनं स्वतःच १९७० च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात अँड्रॅगॉजी ‘विरुद्ध’ पेडॅगॉजी (मुलांना शिकवायची पद्धत) असं म्हटलं होतं, आणि १९८० च्या आवृत्तीत ते बदलून पेडॅगॉजी‘पासून’ अँड्रॅगॉजी‘कडे’ असं केलं. दहा वर्षं लागली त्याला. मला नऊ महिने. माणूस नवीन असेल तर हात धरून, मुरलेला असेल तर मोकळं. बटण पाहिजे, पण त्याला मामा कोण आणि अ‍ॅप्रेंटिस कोण हे कळलं पाहिजे.

आणि तेही अ‍ॅपमध्ये आहे! आधी चाचणी द्या, पास झालात तर व्हिडिओ माफ. फक्त ते महागड्या प्लॅनमध्ये, माणशी ६०० रुपयांत. म्हणजे ज्याला येतंय त्यानं बघू नये यासाठी साठ रुपये जादा. हे मला त्या गोड आवाजाच्या मुलीनं फोनवर सांगितलं नव्हतं. नूतनीकरणाच्या कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात सापडलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांसाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचं ट्रेनिंग निघालं होतं, पुढं ते जपानला गेलं, टोयोटानं उचललं. चार टप्पे: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याला करू द्या, नंतर मागं लक्ष ठेवा. आमच्या अ‍ॅपमध्ये ‘दाखवा’ तेवढंच आहे. ‘करू द्या’ला मशिन लागतं आणि शेजारी मामा लागतात, आणि ते ५४० रुपयांत येत नाहीत. म्हणून फेब्रुवारीत मामांचा एक व्हिडिओ मीच काढला: जॉ कसे बोअर करायचे (पार्टच्या मापाला आतून कापायचे), साडेचार मिनिटं, मागं कंप्रेसरचा आवाज, मध्येच मामा कुणाला तरी शिवी हासडतात ते कापलंय. चढवला. पोरं तो सुट्टीत मोबाईल सरळ ठेवून बघतात.

मामांना लायसन्सची नवीन यादी दाखवली तेव्हा म्हणाले, "साहेब, माझ्या व्हिडिओचं बटण बंदच ठेवा. आख्खा बघितल्याबिगर सोडायचं नाही कुणाला."

नूतनीकरण करतोय, पण ६५ नाही, ४० लायसन्सचं, महागड्या प्लॅनवर: जीएसटी धरून २८,३२०. वाचलेल्या १३,०९८ मध्ये एक मायक्रोमीटर मागितलाय. तक्रार सहाव्यांदा टाकली आहे. तारे दोन, तिसरा त्या तीन प्रश्नांसाठी देणार होतो, पण आज सकाळी ते आलेच नाहीत.