जकात स्वतःच्या हातानं द्यावी की बैतुलमालमध्ये (कमिटीच्या सामायिक फंडात) टाकावी?

रमजान आला की आमच्याकडं हा विषय निघतोच, परवा मामेभावानं पण विचारलं म्हणून लिहून टाकतो.

जकात म्हणजे आपल्या मालातून दरवर्षी काढायचा गरिबाचा वाटा, अडीच टक्के वगैरे तुम्हाला माहीतच आहे. फक्त घरात थोडं सोनं अन् सोबत रोकड असली तर निसाब, म्हणजे जिथून जकात लागू होते ती मर्यादा, चांदीच्या 612 ग्रॅमच्या किमतीवर धरा, सोन्याच्या 87 वर नाही, नाहीतर लोक "आपल्याले लागतच नाही" म्हणून मोकळे होतात.

मी सहा-सात वर्षं हातानंच दिली. कोणाची चूल कशी पेटते हे गावात माहीत असतं. आईबापाला अन् लेकरांना चालत नाही, पण भाऊ-बहीण गरजू असले तर त्यांचा हक्क आधी. जकात आहे म्हणून सांगायचीही गरज नाही, नियत असली की झालं, मी तर ईदी म्हणून हातात कोंबायचो.

पण समोरच्याला कळतंच ना भाऊ. एका वर्षी आमच्या पऱ्हाटीवर फवारणीला येणाऱ्याला दिली, मग श्रावणात त्यानं चार दिवस पंप पाठीवर घेऊन फवारलं, बाजाराच्या दिवशी मी हिशोब करायला गेलो तर नोटा परत माझ्या खिशात घालतो, "रहने दो भाई, ईद को दिये थे ना तुमने." म्हणजे ती जकात होती का चार दिवसांचा ॲडव्हान्स रोज? शेवटी पैसे त्याच्या बायकोजवळ दिले. तरी अजून मी चहाच्या टपरीवर गेलो की तो बाकावरून उठून उभा राहतो, अन् मला चहा गोड लागत नाही.

बैतुलमालमध्ये ही भानगड नाही, कोणाचे पैसे कोणाला गेले कळत नाही. कटकटी तिथंही आहेत. पंधराव्या रोज्याला दिलेले पैसे ईद झाल्यावर वाटले, म्हणून फित्रा (ईदचं वेगळं दान) तरी त्यांच्या भरवशावर ठेवू नका, तो ईदच्या नमाजआधी पोचला पाहिजे. एकदा तर त्याच पैशातून मशिदीची भिंत बांधायचं चाललं होतं, मौलानांनी अडवलं, की जकात गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे, भिंत कशाची मालक होते?

तुमच्या गावची कमिटी कशी आहे त्यावर बरंच आहे म्हणा. मी तरी आता बहुतेक तिथंच टाकतो. चुलत बहिणीचं तेवढं अजून हातानंच देतो, ती काही माझ्या वावरात कामाला येत नाही.