‘एकाच गाडीचा पूर्ण सेट’ : जुन्या इंजिनाच्या व्यवहारातील फसवणूक

घरी बांधत असलेल्या दोन आसनी स्पोर्ट्स कारसाठी मी मारुती ईकोचे 1,196 सीसी इंजिन निवडले, कारण ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि त्यामागे गिअरबॉक्स, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट व मागच्या आसाचे (डिफरन्शिअलचे) हाऊजिंग अशी जुळलेली साखळी आयती मिळते. सोलापुरातील एका जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने ‘एकाच अपघाती गाडीचा पूर्ण सेट’ म्हणून हा माल विकला. इंजिन चालू असल्याचा व्हिडिओ त्याने मोबाइलवर दाखवला, सगळी रक्कम रोख घेतली आणि आरटीओ पासिंग करून देतो म्हणून वर वेगळे पैसेही उचलले.

चॅसीवर चढवण्याआधी गिअरबॉक्सचे तेल बदलावे म्हणून ड्रेन प्लग खोलला, तर तेल धार न धरता पेजेसारखे घट्ट उतरले आणि बोटांत चोळताच लाकडाचा भुसा हाताला लागला. भुशामुळे झिजलेल्या दातांचा आणि बेअरिंगचा आवाज काही काळ दबतो. इतकी जुनी लबाडी आजही खपते, याचेच नवल वाटते. होटगी रस्त्यावरच्या ओळखीच्या मिस्त्रींनी मग सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज लावले. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा इतरांच्या निम्मा भरला. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर तो वर चढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर झिजलेले होते. आकडा तसाच राहिला असता, तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर गेला असता.

खरा धक्का ब्लॉकवरील इंजिन क्रमांकाने दिला. त्या जागेवर ग्राइंडरचे ताजे ओरखडे होते, अंक वरखाली ठोकलेले होते आणि आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) झेरॉक्सवरील क्रमांकाशी त्यांचा मेळ नव्हता. असे इंजिन चोरीचे निघाले, तर घेणाराही चौकशीत अडकतो. सोबत दिलेला ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, तिसऱ्याच गाडीचा होता. इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) असलेल्या गाडीचा ईसीएम तिच्या चावीशी जोडलेला असल्याने मूळ चावीशिवाय इंजिन सुरू होत नाही.

पासिंगचे आश्वासनही पोकळच होते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीकृत गाडीतसुद्धा निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालत नाहीत, आणि नव्या बनावटीच्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेच्या चाचण्यांतून जावे लागते; ते काम कोणा मध्यस्थाच्या ओळखीवर होत नाही.

जाब विचारल्यावर उत्तर मिळाले, “साहेब, जुन्या मालाला कुठं गॅरंटी असतीय?” पावतीवर त्याने फक्त ‘भंगार’ असे लिहिले होते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सचे क्रमांक पावतीवर लिहून घेतल्याशिवाय, ते आरसीशी ताडल्याशिवाय आणि ड्रेन प्लग आपल्यासमोर उघडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. व्हिडिओवर तर मुळीच विसंबू नये, कारण त्यात इंजिनाचा क्रमांक दिसत नाही. मी पोलिसांत लेखी अर्ज दिला असून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.