कराटे क्लासमधील मिश्र लढतीची बॅच : तीन महिन्यांनंतरचा अभिप्राय

कोल्हापुरातील ज्या क्लासमध्ये मी गेली अकरा वर्षे शोटोकान कराटे शिकतो आहे, तेथे यंदा मिश्र लढतीची, म्हणजे ज्याला सगळे एमएमए म्हणतात त्या प्रकाराची, स्वतंत्र बॅच सुरू झाली. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास सराव असतो. तीन महिन्यांची फी साडेसात हजार रुपये आहे, आणि हातमोजे, माऊथगार्ड व नडगीचे पॅड ज्याचे त्याने आणायचे असतात. सोमवारी आणि शुक्रवारी आमचे सर शिकवतात, बुधवारी जवळच्या तालमीतले वस्ताद येतात. पुढे काही तक्रारी मांडल्या आहेत आणि त्या मी सरांना समोरासमोर सांगितल्या आहेत, म्हणून क्लासचे नाव येथे देत नाही. लाथा-ठोशांच्या पारंपरिक कला कुस्ती आणि पकडीसह होणाऱ्या लढतीत टिकतात का, या प्रश्नाला या बॅचने किती प्रामाणिकपणे हात घातला, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

पहिल्याच बुधवारी वस्तादांनी मला त्यांच्या एका पैलवानासमोर उभे केले. वजन माझ्याइतकेच, सत्तर किलोच्या आसपास. तो पुढे सरकताच माझी ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, त्याच्या छातीवर नेमकी बसली. अंतर, वेळ, कमरेचा झोक, सगळे वर्षानुवर्षे घोटले होते तसेच जमून आले. ठोसा बसताच मूठ कमरेशी परत आली, कियाई, म्हणजे ठोशासोबतची आरोळी, तोंडून निघाली आणि माझे खांदे सैल पडले, कारण स्पर्धेत या क्षणी पंच ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणतात, दोघे आपापल्या जागी परततात आणि गुण जाहीर होतो. पैलवानाने आयुष्यात कधी ‘यामे’ ऐकलेले नव्हते. ठोसा अंगावर घेऊनच तो खाली गेला, त्याने दुहेरी पट काढला, म्हणजे माझे दोन्ही पाय धरून ओढले, आणि माझी पाठ मॅटवर आदळली. कडेला उभे असलेले वस्ताद म्हणाले, “मारलंस झकास, पोरा. पण मारून थांबलास कशाला?”

तीन महिने मी याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. माझा ठोसा खरा होता, हे त्या पैलवानाने नंतर छाती चोळत स्वतःच कबूल केले. लढतीत मला आडवे केले ते ठोशानंतरच्या अर्ध्या सेकंदाने, आणि तो अर्धा सेकंद मला स्पर्धेच्या नियमांनी शिकवला होता.

हे जगाच्या पातळीवरही असेच घडले आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे यूएफसी या मिश्र लढती भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची कला, खेळणाऱ्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणले. अंतिम लढतीत त्याच्यासमोर असलेला जेरार्ड गॉर्डो हा सवात या फ्रेंच लाथा-ठोशांच्या कलेतला कसलेला माणूस होता, पण जमिनीवर गेल्यावर त्याच्या लाथांचा काहीच उपयोग उरला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षे ‘कराटे ही मुलांना बेल्ट वाटण्याची गोष्ट आहे’ असे लोक बिनदिक्कत म्हणत राहिले, आणि आमच्यासारख्यांना ते निमूटपणे ऐकून घ्यावे लागले. मग यूएफसीत लिओटो माचिदा आला. वडील योशिझो माचिदा यांच्याकडे लहानपणापासून शोटोकान शिकलेल्या या माणसाने २३ मे २००९ रोजी रशाद इव्हान्सला दुसऱ्या फेरीत बाद करून लाइट हेवीवेट गटाचे विजेतेपद मिळवले. प्रतिस्पर्ध्याच्या हाताला न लागण्याइतके मागे सरत राहायचे, आणि तो आत झेपावला की त्याच क्षणी सरळ ठोशाने त्याला गाठायचे, ही त्याची पद्धत आम्हाला कुमितेत, म्हणजे जोडीने लढण्याच्या सरावात, पहिल्या वर्षापासून शिकवली जाते. ३० एप्रिल २०११ रोजी टोरांटोमध्ये त्याने रँडी कुतूरला, म्हणजे मुळात पैलवान असलेल्या माजी विजेत्याला, उडी घेऊन मारलेल्या माए-गेरीने, म्हणजे समोरच्या सरळ लाथेने, बाद केले. ती लाथ पाहून आमच्या क्लासमध्ये त्या आठवड्यात दुसरे कोणी काही बोलतच नव्हते.

तरीही माचिदाचे उदाहरण अर्धेच सांगणे चुकीचे ठरेल. त्याने जिउ-जित्सूतही ब्लॅक बेल्ट मिळवला होता, त्यामुळे कोणी अंगाला भिडले तरी तो गोंधळत नसे. शिवाय शोटोकानचा लांब पवित्रा पुढच्या पायाला उघडा ठेवतो, हे मॉरिसिओ शोगुन रुआने त्याच्यावरच सिद्ध केले. ऑक्टोबर २००९ च्या पहिल्या लढतीत त्याने माचिदाच्या पायांवर सतत लाथा मारल्या. ती लढत गुणांवर माचिदाला मिळाली, पण मे २०१० मध्ये रुआने त्याला पहिल्याच फेरीत बाद करून विजेतेपद काढून घेतले.

आमच्या सरांनी या बॅचमध्ये नेमके हेच दुरुस्त केले, आणि म्हणून फीचे पैसे मला वसूल झाल्यासारखे वाटतात. झेनकुत्सु-दाचीचा, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेला तो लांब पवित्रा त्यांनी जवळजवळ एक पाऊल आखूड केला. ठोशानंतर मूठ कमरेऐवजी हनुवटीशी आणायची, ही एवढी साधी गोष्ट अंगी बाणवायला मला सहा आठवडे लागले. लाथेच्या बाबतीत मात्र जुनी शिकवणच कामी आली. गुडघा आधी उचलायचा, लाथ मारायची आणि पाय त्याच वाटेने मागे ओढायचा, हा आमचा कंटाळवाणा धडा पाय पकडायला टपलेल्या पैलवानासमोर सोन्यासारखा ठरला. ज्या मुलांनी लाथ मारून पाय पुढेच टाकला, त्यांचा एकेरी पट दर बुधवारी निघाला.

वस्तादांचेही मला कौतुक वाटते, कारण त्यांनी स्वतःच्या विद्येतली उणीव लपवली नाही. कुस्तीत चीत व्हायचे नसते म्हणून पैलवान खाली पडला की पोटावर वळतो, आणि मातीत ते शहाणपणाचे असते. मिश्र लढतीत पोटावर वळणे म्हणजे पाठ आणि गळा समोरच्याच्या ताब्यात देणे. आमच्या एका मुलाने त्यांच्या पैलवानाचा गळा मागून धरला, तेव्हा वस्तादांनी सराव थांबवून आपल्या पोरांना ते पुन्हा पुन्हा पाहायला लावले.

कोणत्या कलेने कोणती सवय लावली आहे, हे तिच्या नियमांत पाहावे. क्योकुशिन या कराटेच्या शाखेत अंगावर पूर्ण जोराने मारतात, पण चेहऱ्यावर हाताचा ठोसा चालत नाही, म्हणून त्या मुलांचे हात खाली राहतात. वुशू या चिनी युद्धकलेच्या सांडा या लढतीच्या प्रकारात समोरच्याची लाथ पकडून त्याला पाडता येते, म्हणून सांडावाला लाथ मारतानाच पडण्याचा विचार करतो. वुशूची राष्ट्रीय विजेती असलेली पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, यात मला त्या नियमांचाही वाटा दिसतो.

आता तक्रारी. चोवीस जणांची बॅच आणि मॅट जेमतेम दहा जणांना पुरेल एवढे, त्यामुळे पडण्याचा सराव करताना डोके फरशीवर जाण्याची भीती कायम असते. जोड्या लावताना वजन पाहिले जात नव्हते. एका शुक्रवारी माझ्यापेक्षा वीस किलोंनी जड मुलाखाली माझ्या बरगड्या दहा दिवस दुखतील एवढ्या दबल्या. पहिला महिना माऊथगार्डची सक्ती नव्हती. ती ओठ फाटल्यावर लागू झाली, आणि तो ओठही माझाच होता. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे डाव शिकवणारा जाणकार या बॅचकडे नाही. सर मोबाईलवर पाहून ते दाखवतात. ठोसा चुकला तर सूज येते, कोपर चुकीचे पिळले गेले तर हात कायमचा जातो. यासाठी महिन्यातून दोनदा का होईना, जिउ-जित्सूचा शिक्षक बाहेरून बोलवावा आणि त्यासाठी फी वाढवली तरी चालेल, असे मी सरांना स्पष्ट सांगितले आहे.

किमान दोन-तीन वर्षे कराटे, तायक्वांदो किंवा मुए थाय केलेल्या माणसाने ही बॅच जरूर करावी. अगदी नवख्याने आधी सकाळच्या नेहमीच्या वर्गात वर्षभर पाय बसवावा, कारण येथे मुळाक्षरे शिकवायला वेळ मिळत नाही. शाळकरी मुलांना मॅटची आणि वजनाची व्यवस्था होईपर्यंत पाठवू नये. सरांनी वजनाप्रमाणे जोड्या लावायला गेल्या आठवड्यापासून सुरुवात केली आहे, आणि पुढच्या तीन महिन्यांची फी मी भरली आहे. गेल्या बुधवारी तोच पैलवान पुन्हा समोर होता. ठोसा बसला, मूठ हनुवटीशी आली, मी डावीकडे सरकलो आणि त्याचे दोन्ही हात मी आधी उभा होतो त्या जागी मिटले.