बारा गुलाबी स्किन, ₹46,200 आणि सात दिवसांचं कुलूप

सीएस2 म्हणजे काउंटर-स्ट्राइक 2 हा गेम, आणि स्किन म्हणजे त्यातल्या बंदुकीवर चढवायची नक्षी. त्या मी एका ग्रुपवरून घेतल्या : बारा नग, प्रत्येकी ₹3,850, एकूण ₹46,200. यूपीआयने दोन वेळा पाठवले आणि पिन मीच टाकला. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या. पण 'भावा, सीएस2चा माल हाय, आठवड्यात डबल' असं सांगणाऱ्या कोल्हापुरातल्या एखाद्या ग्रुपवर तुम्ही असाल, तर पुढचं वाचा.

मी काही खुळा नाही. स्किनचा रंग म्हणजे तिचा दर्जा, लाल गुलाबीच्या वरचा. गेमच्या 22 ऑक्टोबर 2025च्या अपडेटनंतर पाच लाल स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळायला लागले. एका रात्रीत लालचे भाव उसळले, चाकूंचे आपटले. दहा गुलाबींचं एक लाल होतं, त्यामुळे गुलाबीही चढले. हे सगळं डोळ्यांदेखत घडल्यावर 'पुढचा नंबर ह्या गुलाबीचा' हे कुणालाही पटलं असतं. फक्त मला विकलेलं गुलाबी ज्या कलेक्शनमधलं, म्हणजे स्किनच्या संचातलं, होतं, त्यातून चाकू निघतच नाही. मग मागणी वाढणार कशाच्या जिवावर? कलेक्शनचं नाव स्किनच्या माहितीतच लिहिलेलं असतं. आधी ते वाचा.

ग्रुपवर माल विकणाऱ्यांनी भाव कसा चढवला ते आता कळतंय. स्किन जुनी, स्टीमच्या (हा गेम जिथे चालतो त्या प्लॅटफॉर्मच्या) बाजारात मांडलेला माल जेमतेम साठेक नग, भाव ₹1,400च्या आसपास. चार रात्रींत स्वस्तातले नग उचलले, वर उरले ते यांचेच, ₹3,900च्या पुढे. मग आपल्याच दुसऱ्या खात्यांवरून ₹4,000ला सहा नग विकत घेतले. पैसे फिरून यांच्याकडेच, गेला तो फक्त स्टीमचा कट : विकणाऱ्याच्या हातात येणाऱ्या रकमेवर 15 टक्के, म्हणजे नगामागे साधारण ₹522. सव्वातीन हजारांच्या आतल्या खर्चात भावाचा आलेख आभाळाला भिडला. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, आणि 'बाजारापेक्षा स्वस्तात देतो' म्हणून ₹3,850ला माल माझ्या गळ्यात.

चीड येते ती इथे. आलेखाच्या टोकावर मी स्वतः कर्सर नेला होता. विक्री 6, असं स्वच्छ दिसत होतं. आधीच्या दिवसांत तोच आकडा वीस-बावीस. मी त्यातून काय अर्थ काढला? माल मिळेनासा झालाय! आणि खाली खरेदीच्या ऑर्डरी होत्या : ₹1,310ला 3 नग, त्याखाली ₹1,250. तीन हजारांच्या घरात एकही माणूस उभा नाही. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला अडत्या भाव कितीही सांगू दे, व्यापारी बोली देईल तोच भाव. हे ऐकत लहानाचे मोठे झालो आपण, आणि स्क्रीनवर तेच वाचता आलं नाही.

ट्रेडने, म्हणजे थेट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, आलेला माल सात दिवस विकता येत नाही. त्यांना हेच हवं होतं. मी कुलपात, आणि ते उरलेला माल खाली ओतत बसले. आठव्या दिवशी वरची ऑर्डर ₹1,190. तीन नग तिथे गेले, हातात ₹1,035 प्रत्येकी. पुढचे पाच ₹1,150ने, हातात ₹1,000. एकूण ₹8,105, तेही स्टीम वॉलेटमध्ये, बँकेत काढता न येणारे. आणि ह्याच सात दिवसांत देणारा ट्रेड उलटवूही शकतो. त्याच्या खात्यावर 30 दिवसांची बंदी येते, पण पैसे आधीच घेतलेले असतील तर त्याला काय फरक पडतो? अनोळखी माणसाला सात दिवसांच्या आत पूर्ण पैसे देऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, "स्किन म्हणजे मेकअपचं सामान काय?" समजावलं तर म्हणे जुगार. जुगार नाही म्हटलं तर म्हणे, "माल मिळाला न्हवं? मग फसवणूक कसली?" तीन हेलपाटे. पहिल्यांदा अर्ज इंग्रजीत होता म्हणून परत, दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा प्रिंट रंगीत नाही म्हणून! पोच द्या म्हटलं तर शिक्का सापडेना. घरी कळलं ते ह्याच हेलपाट्यांमुळे. तुमच्यावर वेळ आली तर त्याच तासाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मी नऊ दिवसांनी लावला. चॅट पुसायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याच्या प्रोफाइलची लिंक जपून ठेवा, नाव तो रोज बदलतो.

चार नग अजून माझ्याकडेच पडून आहेत, ₹1,120ला लावलेत. ग्रुपवर काल रात्री दुसऱ्याच एका स्किनचा आलेख आलाय. टोकावर विक्री 5.