गूगल स्कॉलर प्रोफाइल: शोधायला झकास, मोजायला नको

गूगल स्कॉलर म्हणजे संशोधनलेख शोधायचे गूगलचे साधन; तिथे लेखकाला स्वतःच्या लेखांचे पान, म्हणजे प्रोफाइल, ठेवता येते. शोधायला पाचपैकी साडेचार तारे. फुकट आहे, मांडणी सुटसुटीत आहे, एमएस्सी नर्सिंगच्या मुलींना संदर्भ शोधायला मी आजही आधी हेच सांगते. माझे भांडण आहे ते प्रोफाइलच्या बाजूच्या चौकटीशी: साइटेशन (आपल्या लेखांचे इतर लेखांत आलेले उल्लेख), एच-इंडेक्स, आय१०-इंडेक्स (किमान दहा उल्लेख मिळालेल्या लेखांची संख्या). इथे गोव्यात एका मुलाखतीत माझी फाइल मिटलेलीच राहिली, चौकट मात्र पडद्यावर मोठी करून पाहिली गेली.

एच-इंडेक्स २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. इंडेक्स ३ म्हणजे किमान तीन उल्लेख मिळालेले लेख तीन. पाच लेखांना ४०, १२, ३, २ आणि १ असे उल्लेख मिळाले, तर इंडेक्स ३. दुसऱ्या बाईंचे लेखच तीन आणि प्रत्येकाला तीन उल्लेख, तरी त्यांचाही ३. मग ते ४० कुठे गेले? उलट मोठ्या औषधचाचणीच्या लेखात तिसावे नाव असले, तरी सगळे उल्लेख पुरेपूर आपल्या खात्यात जमा.

माझा एक लेख मधुमेही रुग्णांच्या पायांच्या काळजीवर आहे. त्यातून सत्तरीतल्या बायकांना समजेल असे कोंकणी-मराठी पत्रक झाले. वॉर्डातल्या सिस्टर डिस्चार्ज देताना ते वाचून दाखवतात, नातेवाइकांकडून पाय तपासून घेतात. चौकटीत त्या लेखाला उल्लेख दोन, त्यातला एक माझ्याच विद्यार्थिनीचा. नर्सिंगचे संशोधन ज्यांच्यासाठी असते त्या सिस्टर ते वाचतात, वापरतात. पण तीन पाळ्यांच्या ड्युटीत पेपर कधी लिहिणार? आणि पेपर नाही म्हणजे उल्लेख नाही.

नावांचा घोळ वेगळाच. आमच्या पेशात बहुतेक बायकाच. लग्नाआधी नाईक, नंतर गावकर. जुन्या नावाचे लेख आपणच शोधून जोडायचे. नाईक तर गोव्यात गल्लोगल्ली, त्यामुळे भलत्याच कुणाचा कोळंबीपालनावरचा लेख माझ्या प्रोफाइलवर येऊन बसला होता आणि माझ्या सगळ्या लेखांपेक्षा त्याचीच साइटेशन जास्त! काढून टाकला, तर एच-इंडेक्स एकाने उतरला. (कोळंबी मला आवडते, पण इतकी नाही.) स्कोपस या दुसऱ्या लेखसूचीत निदान स्वतःच स्वतःला दिलेले उल्लेख वगळून पाहता येतात, इथे तेही नाही.

संशोधनाचे मोजमाप कसे करावे हे सांगणाऱ्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातले पहिलेच तत्त्व असे की आकड्यांनी तज्ज्ञांच्या पारखीला आधार द्यावा. मुलाखत घेणाऱ्यांनी लेख वाचावेत आणि त्यामुळे वॉर्डात काय बदलले ते विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे.

मोजायला एक तारा, तोही चौकट निदान उघड दिसते म्हणून. प्रोफाइल ठेवणार असाल, तर सेटिंगमध्ये लेख आपोआप जोडणे बंद करा आणि आधी ईमेलने विचारणारा पर्याय निवडा.