भुशी डॅम, कामशेत, कोलाड की हरिहर: जिवाला खरा धोका कुठे?

"कामशेतला पॅराग्लायडिंगला चाललोय" म्हटलं की घरचे कपाळाला हात लावतात. "भुशी डॅमला जाऊन येतो" म्हटलं की गरम भजी खाऊन या म्हणतात. माझ्या मते हा हिशोब नेमका उलटा आहे.

आकडे बघायचे तर अमेरिकेतले बघू. तिथल्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींनुसार 2023 मध्ये विमानातून सुमारे 36.5 लाख उड्या मारल्या गेल्या आणि 10 जण गेले. म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त उड्यांमागे एक. त्याच देशात 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन-हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख जणांपैकी 59 जणांचं हृदय बंद पडलं, त्यातले 42 दगावले. अडीच लाखांमागे एक. आता उड्यांचा नाद असलेला माणूस एका दिवसात चार-पाच उड्या मारतो आणि धावणारा वर्षातून दोन शर्यती पळतो, तेव्हा वर्षाचा हिशोब वेगळा निघेल. तरी पंचेचाळिशीत पहिल्यांदा छातीवर शर्यतीचा नंबर लावणाऱ्याला "डॉक्टरांना दाखवलंस का?" असं विचारणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

कोलाडचं राफ्टिंग मी नवख्यांना डोळे झाकून सुचवतो. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातलं पाणी सकाळी कुंडलिका नदीत सुटतं, त्याच्यावर राफ्ट चालते. लाइफ जॅकेट, हेल्मेट, सोबत गाइड. राफ्ट उलटली तर दोन घोट पाणी पोटात जातं आणि महिनाभर सांगायला गोष्ट मिळते.

पावसाळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात मात्र जॅकेट नाही, दोर नाही, "आता बाहेर या" म्हणणारा गाइड नाही. वर डोंगरावर सर कोसळली की खाली ऊन असलं तरी पाणी काही मिनिटांत वाढतं. 30 जून 2024 ला तिथे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. घोट्याइतक्या पाण्यात उभे राहायला आपण जातो, ते पाणी गुडघ्याला लागलं की पाय उचलतं. काठावर बसा, कणीस खा. आत उतरू नका.

कामशेतला पावसाळ्यात उड्डाणं बंद असतात, हीच मुळात चांगली खूण. टँडममध्ये, म्हणजे पायलटला जोडून उडताना, तुम्हाला फक्त धावायचं असतं, बाकी सगळं पायलटकडे. पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना. भर दुपारच्या तापलेल्या हवेपेक्षा सकाळची किंवा संध्याकाळची वेळ मागा. वारा बिघडला म्हणून पैसे परत करणारा पायलट भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. तारकर्लीच्या स्कूबात प्रशिक्षक धरूनच नेतो. तिथे एकच पथ्य, वर येताना श्वास कोंडायचा नाही. आणि दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर खरं लिहायचं.

नाशिककडच्या हरिहर गडाबद्दल मात्र मी दोन्ही बाजूंनी बोलतो. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांना खोबण्या आहेत, कोरड्या दिवशी, रिकाम्या वाटेवर सराव असलेल्याला त्या अवघड नाहीत. अवघड असते ती रविवारची रांग. वर जाणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर, मध्येच कुणीतरी सेल्फीला थांबलेला, पायाखाली शेवाळ. वरच्याचा पाय सुटला तर तो एकटा पडत नाही. शिवाय कोलाडला माणूस पडला तर गाइड हाताच्या अंतरावर असतो. इथे घोट्याचं हाड मोडलं तरी गावकरी आणि ट्रेकर पोरं स्ट्रेचर घेऊन वर येईपर्यंत तास जातात, आणि ओल्या घसाऱ्यावरून खाली न्यायला आणखी तास.

टर्फवरच्या फुटबॉलचं एका वाक्यात सांगतो: जीव जात नाही, गुडघा जातो.

तर पहिल्यांदाच काही करायचं असेल तर कोलाड, पाऊस सरल्यावर कामशेत. हरिहरला जायचंच असेल तर डिसेंबरातला मंगळवार गाठा, पहाटे निघा आणि गर्दी चढायला लागायच्या आत पायऱ्या उतरून मोकळे व्हा.