जुने डोमेन कंट्रोलर निवृत्त केल्यानंतरचे आठ महिने

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालणारे आमचे दोन डोमेन कंट्रोलर (सर्वांची खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) काढून त्यांचे काम सर्व्हर २०२२ च्या दोन नव्या यंत्रांकडे सोपवल्याला आता आठ महिने झाले. जुन्या आवृत्तीची नियमित सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ रोजीच थांबली होती, त्यामुळे हे काम आणखी लांबवणे मला योग्य वाटत नव्हते.

पहिली अडचण आली ती सिसव्हॉलची, म्हणजे धोरणे आणि स्क्रिप्ट ठेवण्याच्या, सर्व कंट्रोलरवर सारख्या असणाऱ्या फोल्डरची. आमचे डोमेन फार पूर्वीचे असल्याने त्या फोल्डरची प्रतिकृती अजून एफआरएस या जुन्या पद्धतीनेच होत होती, आणि नवा सर्व्हर एफआरएस असलेल्या डोमेनमध्ये कंट्रोलर होऊच शकत नाही. डीएफएसआर या नव्या पद्धतीकडे जाण्याच्या शेवटच्या टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही, म्हणून प्रत्येक टप्पा दोन्ही यंत्रांवर पूर्ण झाल्याची खात्री करूनच मी पुढे गेलो. पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामे) हलवायला मात्र काही मिनिटेच लागली.

खरा वेळ गेला तो जुन्या यंत्रांना अजून कोण हाक मारते हे शोधण्यात. डीएचसीपीमधून (उपकरणांना नेटवर्कची मांडणी आपोआप देणारी सेवा) नवे डीएनएस पत्ते (नावावरून यंत्र शोधून देणाऱ्या सर्व्हरचे पत्ते) दिले तरी ज्या उपकरणांत पत्ता हाताने भरलेला असतो, त्यांच्यापर्यंत तो बदल पोहोचतच नाही. म्हणून डिमोट करण्याआधी, म्हणजे कंट्रोलरचे काम काढून घेण्याआधी, मी दोन्ही जुन्या यंत्रांवर डीएनएसची डीबग नोंद सुरू केली, एलडीएपीची (कंट्रोलरकडे खात्यांची माहिती विचारण्याची पद्धत) नोंद वाढवली आणि रोज सकाळी २८८९ क्रमांकाच्या, म्हणजे सही नसलेल्या एलडीएपी जोडणीची नोंद करणाऱ्या, इव्हेंटमधले आयपी पत्ते वहीत उतरवले. त्यातून एक स्कॅनर, हजेरीचे यंत्र आणि लेखा विभागाचे एक जुने सॉफ्टवेअर सापडले. तिन्ही थेट जुन्या आयपीवर, डिजिटल सही नसलेल्या एलडीएपीने बोलत होती. नोंदी थांबल्यावर दोन आठवडे नेटवर्कची केबल काढून ठेवली, कोणाचीही तक्रार आली नाही, मग केबल जोडून प्रतिकृती पूर्ण होऊ दिली आणि त्यानंतरच रीतसर डिमोट केले. हे दोन आठवडे कोणीही वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक चूक माझ्याकडूनच झाली. त्या पाचांपैकी पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे डोमेनची वेळ ठरवणारी, भूमिका हलवली, पण नव्या यंत्राला बाहेरचा वेळस्रोत दिला नाही. काही आठवड्यांनी घड्याळे हळूहळू मागे पडताना दिसली. लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे लॉगिन अडण्याआधी ते लक्षात आले हे बरे झाले.

राहिला प्रश्न यंत्रांच्या पुनर्वापराचा. डिमोट केलेला सर्व्हर तसाच फाइल सर्व्हर म्हणून वापरण्याची सूचना आली होती, पण आधार संपलेली प्रणाली आणि कधीकाळी सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) बाळगलेली डिस्क हे दोन्ही मला नको होते. दोन्ही यंत्रांच्या डिस्क पूर्ण पुसल्या. अधिक जुने यंत्र भंगारात दिले. दुसऱ्यावर नवी प्रणाली टाकून ते मुद्दाम डोमेनबाहेर, फक्त बॅकअपसाठी ठेवले, म्हणजे डोमेनचा प्रशासक पासवर्ड कोणाच्या हाती लागला तरी तेवढ्याने बॅकअप उघडणार नाही. गेल्या महिन्यात त्याच बॅकअपवरून एक कंट्रोलर वेगळ्या, तोडलेल्या नेटवर्कवर पुन्हा उभा करून पाहिला आणि चाचणी खात्याचे लॉगिन पहिल्याच प्रयत्नात झाले.